ई-पुस्तकाचे अंतरंग : लेखांक ५
जोडलेल्या पुस्तकात नेमके काय बिघडते?

गेल्या आठवड्यात आपण ईपब फाइलचा सांगाडा पाहिला. ईपब हे मुळात झिप केलेले गाठोडे असते. प्रकरणांच्या फाइल, चित्रे आणि फाँट त्यात असतात. कोणत्या फाइल आहेत आणि त्या कोणत्या क्रमाने वाचायच्या, हे ओपीएफ नावाची फाइल सांगते. दोन खंड एकत्र केले किंवा एका पुस्तकाचे दोन भाग केले, की मजकूर सहसा शाबूत राहतो. बिघडतात ते फाइलींचे एकमेकींशी असलेले संबंध.

सर्वांत जास्त तक्रारी तळटिपांच्या असतात. दोन्ही खंडांत ‘टीपा’ याच नावाची फाइल असेल आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकल्या, तर एक दुसरीवर लिहिली जाते. मग दुसऱ्या खंडातल्या आकड्यावर बोट ठेवले की पहिल्या खंडातली टीप उघडते. म्हणून प्रत्येक खंडाला वेगळे फोल्डर द्यावे, नाहीतर फाइलींची नावे आधीच बदलून घ्यावीत. सिजिल या ईपब संपादकात नाव बदलले, की त्या फाइलकडे जाणारे दुवेही तोच दुरुस्त करतो. विभागणीत उलटे घडते. टिपांची फाइल एका भागात जाते आणि दुसऱ्या भागातले आकडे कुठेच पोचत नाहीत. तेव्हा ती फाइल दोन्ही भागांत ठेवावी.

मराठी वाचकाला अधिक छळतो तो फाँट. परवान्याच्या अटींमुळे काही प्रकाशक पुस्तकातला फाँट झाकून ठेवतात. ईपबच्या प्रमाणित पद्धतीत फाँट फाइलचे पहिले १०४० बाइट बदललेले असतात आणि ते पूर्ववत करण्याची किल्ली पुस्तकाच्या ओळखक्रमांकावरून तयार होते. जोडलेल्या पुस्तकाला नवा ओळखक्रमांक मिळाला, की जुनी किल्ली लागत नाही. फाँट गाठोड्यात असूनही वाचता येत नाही. उपकरणात दुसरा देवनागरी फाँट नसेल, तर पानभर चौकोन दिसतात. मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल, तर अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची खिचडी उमटते. अशा वेळी मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा आणि नोटोसारखा मुक्त परवान्याचा देवनागरी फाँट घालावा. असा फाँट झाकण्याची गरजच नसते.

तिसरी अडचण गाठोडे हाताने बांधताना येते. ‘माइमटाइप’ ही इवलीशी फाइल झिपमध्ये सर्वांत पहिली आणि न दाबता ठेवावी लागते. नेहमीच्या पद्धतीने झिप केले तर हा क्रम मोडतो आणि काही वाचनयंत्रे पुस्तक नाकारतात.

दोष शोधताना क्रम पाळा. जोडण्याआधी दोन्ही मूळ फाइल ईपबचेक या मोफत साधनातून तपासा. चूक मूळ प्रतीतच असेल, तर जोडणाऱ्या साधनाला बोल लावण्यात अर्थ नाही. नंतर जोडलेली प्रत तपासा. दोष कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत आहे, हे ईपबचेक सांगतो. पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा तपासा, कारण पुढच्या कितीतरी चुका तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. मूळ फाइलींना मात्र हात लावू नका. काम नेहमी नकलेवरच करा.

पुढील लेखांकात : अनुक्रमणिका नव्याने कशी बांधावी.