चुकीची कळ आणि परतीची वाट

पुणें-सातारा रस्त्यावरील किकवी हें गांव भोर तालुक्यांत आहे. त्याचें नांव संगणकावर इनस्क्रिप्ट पद्धतीनें उमटवावयाचें तर पांच कळा दाबाव्या लागतात. क साठीं के या रोमन अक्षराची कळ, ऱ्हस्व वेलांटीसाठीं एफ, पुन्हां के, व साठीं बी, आणि शेवटीं दीर्घ वेलांटीसाठीं आर. एफ आणि आर या कळा एकमेकींच्या खालींवर असून दोन्हींवर डाव्या हाताची तर्जनीच पडते. बोट जरासें वर गेलें कीं ‘कीकवी’ होतें. पहिल्या कळेबरोबर शिफ्ट दाबली गेली कीं ‘खिकवी’. वाचणारा माणूस हंसून पुढें जाईल. यंत्राच्या लेखीं मात्र हीं तीन निरनिराळीं गांवें होत. मग शोधावयास गेलें असतां खरें नांव सांपडत नाहीं, आणि नोंदच नाहीं असा समज होऊन बसतो.

अशा चुकीवर पहिला इलाज बॅकस्पेसचा. देवनागरींत ही कळ बहुधा संपूर्ण अक्षर न खोडतां शेवटचें चिन्हच खोडते. ‘वी’ वर ती एकदां दाबली तर वेलांटी जाते, व राहतो. नवशिक्यास हें यंत्राचें अडाणीपण वाटतें. वस्तुतः ती सोयच आहे, कारण चुकलेली वेलांटी तेवढी बदलतां येते.

जे प्रोग्रॅम चित्रांवांचून, केवळ अक्षरांवर चालतात, त्यांत चुकीच्या कळेचा घोटाळा अधिक. बिल जॉय यांनीं 1976 च्या सुमारास तयार केलेल्या व्हीआय या लेखनसाधनांत एका अवस्थेंत अक्षरें उमटतात, तर दुसरींत तींच अक्षरें आज्ञा बनतात. या दुसऱ्या अवस्थेंत डी ही कळ लागोपाठ दोनदां दाबली कीं सबंध ओळ नाहींशी होते. मात्र लगेच यू दाबल्यास ती परत येते. पुढें 1991 सालीं ब्राम मोलेनार यांनीं प्रसिद्ध केलेल्या व्हिम या त्याच्या सुधारलेल्या वंशजांत एकामागून एक अनेक फेरफार मागें घेतां येऊं लागले. बाहेर कसें पडावें हें न कळून कोणी कंट्रोल व सी दाबूं लागला, तर आतांचा व्हिम बाहेर पडण्याची आज्ञाच पडद्याच्या तळाशीं लिहून दाखवितो. नॅनो नांवाचा दुसरा प्रोग्रॅम तर मुख्य कळांची यादी तळाच्या दोन ओळींत सदैव मांडून ठेवतो.

एक चूक फार फसवी आहे. मजकूर जतन होईल या समजुतीनें कोणी कंट्रोल व एस दाबतो आणि पडदा थिजतो. यंत्र बिघडलें असें समजून तो तें बंद करतो, व केलेलें काम गमावतो. वास्तविक ही दूरमुद्रकाच्या काळची ‘थांब’ अशी खूण आहे. कंट्रोल व क्यू दाबतांच पडदा पुन्हां चालूं लागतो. पडद्यावर एवढी एक ओळ उमटती तर किती श्रम वांचते!

प्रत्येक कृतीपूर्वीं ‘खात्री आहे काय?’ असें विचारणें, हा उपाय कर्त्यांस सुचतो खरा. पण दहा वेळां विचारलें म्हणजे अकराव्या वेळीं माणूस न वाचतांच होकार देतो. विचारण्यापेक्षां कृति मागें घेण्याची सोय अधिक उपयोगाची. जें मुळींच परत आणतां येत नाहीं, त्याच्याआधींच प्रश्न शोभतो.

किकवीच्या शेतकऱ्यास याचें महत्त्व सातबाऱ्यावर कळतें. इनस्क्रिप्टमध्यें द वर शिफ्ट दिली कीं ध होतो. ती निसटली कीं ‘धोंडू’चा ‘दोंडू’ होतो, आणि ओळखपत्रावरील नांवाशीं उताऱ्यावरील नांव जुळेनासें होतें. नोंद पक्की होण्यापूर्वीं दुरुस्तीस जागा असते. फेरफाराची नोटीस हितसंबंधितांस जाते, हरकतीस 15 दिवसांची मुदत असते, व त्यानंतर अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ती नोटीस अक्षर न् अक्षर वाचावी. एकदां प्रमाणन झालें म्हणजे मागें घेण्याची कळ उरत नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याच्या कलम 155 प्रमाणें लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठीं अर्ज करावा लागतो. त्या अर्जास जुन्या हस्तलिखित उताऱ्याची व मूळ फेरफाराची नक्कल जोडलेली बरी, म्हणजे चूक कोठें शिरली हें दिसतें. मालकीविषयींच वाद असेल तर मात्र तो या कलमाखालीं सुटत नाहीं.