आगीसाठी व्हॉल्व्ह केवढा हवा?

रिफायनरीतल्या हीट एक्स्चेंजरच्या पोटात शेकडो नळ्या असतात. त्यांचा पृष्ठभाग मोजला तर बाहेरच्या कवचाच्या कितीतरी पट भरतो. पण खाली सांडलेलं तेल पेटलं तर काय, या हिशेबाने सेफ्टी व्हॉल्व्हचं माप काढताना या नळ्या धरायच्याच नाहीत. आगीची झळ लागते ती कवचाला आणि टोकांच्या झाकणांना. त्यातलाही आतून द्रवाने भिजलेला भागच मोजायचा, तोसुद्धा साधारण 7.6 मीटर उंचीपर्यंतचा.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या 521 क्रमांकाच्या मानकात यासाठी सूत्र आहे. भिजलेलं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यायचं, त्याचा 0.82 वा घात काढायचा आणि 43,200 ने गुणायचं. आत शिरणारी उष्णता वॅटमध्ये मिळते. घात 1 पेक्षा कमी आहे, कारण कवच जितकं मोठं, तितकं ते सगळ्या बाजूंनी ज्वाळांत सापडणं अवघड. 20 चौरस मीटरला ही उष्णता सुमारे 504 किलोवॅट भरते. एक किलो द्रवाची वाफ व्हायला 300 किलोज्यूल लागत असतील, तर तासाला सहा टन वाफ सोडू शकेल असा व्हॉल्व्ह लागेल.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 43,200 हा आकडा. पेटतं तेल वाहून नेणारी गटारं धड असतील आणि आग विझवायची सोय तत्पर असेल, तरच तो वापरता येतो. नाहीतर त्याच्या जागी 70,900 घ्यावा लागतो आणि सहा टनांचे जवळजवळ दहा टन होतात. म्हणजे एक्स्चेंजरखालचं गटार गाळाने तुंबलं, तर वरच्या व्हॉल्व्हला कुणी हातही न लावता तो अपुरा पडतो. गटारांच्या सफाईकडे सेफ्टी व्हॉल्व्हच्या तपासणीइतकंच लक्ष द्यायला हवं, ते यासाठी.

व्हॉल्व्ह पुरेसा मोठा असला तरी एक धोका उरतोच. पातेल्यात पाणी आहे तोवर बूड जळत नाही, तसंच आतला द्रव कवचाची उष्णता शोषून घेतो. द्रवाच्या पातळीवरचं पोलाद मात्र तापत जातं आणि त्याची ताकद घटते. फ्रान्समध्ये लियोंजवळच्या फेझँ इथे 4 जानेवारी 1966 रोजी प्रोपेनच्या गोल टाकीखाली आग लागली. टाकीवरचा व्हॉल्व्ह उघडला होता, वायू बाहेर पडत होता. अग्निशामक दलाने शेजारच्या टाक्या थंड ठेवण्यावर भर दिला. आग लागल्यानंतर सुमारे दीड तासाने ती टाकी फुटली. या दुर्घटनेत 18 जणांचा जीव गेला, त्यांत बरेचसे अग्निशामक जवान होते.

व्हॉल्व्ह दाब ठरलेल्या मर्यादेत ठेवतो, पोलाद थंड ठेवत नाही. वायूने भरलेल्या एक्स्चेंजरला तर आतून भिजलेला भागच नसतो. तिथे कवचावर पाण्याचे फवारे, आगीत टिकणारं उष्णतारोधक आवरण आणि आतला दाब वेळीच उतरवण्याची सोय लागते, आणि ती आराखड्याच्या टप्प्यावरच ठरवावी लागते.