गाडीची हिवाळी पादत्राणं

जून उजाडला, की तुमच्या घरी काय होतं सांगू? चामड्याचे बूट कपाटात जातात आणि प्लॅस्टिकच्या सँडल्स नाहीतर गमबूट बाहेर येतात. चिखलात बूट खराब होतात आणि गुळगुळीत तळव्यांनी घसरून आपटलात तर गुडघे फुटतात! ऋतू बदलला की पायांतलं बदलायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मित्रांनो, जगात असेही देश आहेत, जिथे ऋतू बदलला की गाडीसुद्धा पादत्राणं बदलते! फिनलंड, स्वीडन, जर्मनी, कॅनडा, जपानचा उत्तर भाग... तिथे हिवाळा तोंडावर आला, की लोक गाडीचे उन्हाळी टायर काढतात आणि हिवाळी टायर चढवतात. बर्फ वितळून गेला, की पुन्हा उन्हाळी टायर.

"टायर तो टायर! त्यात उन्हाळी काय नि हिवाळी काय?" असं वाटलं ना? मग आधी थोडं गणित करू या.

चार तळहातांवर गाडी

गाडी कितीही मोठी दिसली, तरी तिचा एक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण मोठ्या माणसाच्या तळहाताएवढ्याच जागेत. म्हणजे आई, बाबा, आजी, तुम्ही आणि हजार-बाराशे किलोची गाडी, सगळ्यांचा भार चार तळहातांवर!

ब्रेक दाबला की चाक थांबतं. पण गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे. घर्षणाचा धडा तुम्ही शाळेत शिकला असाल, नाहीतर शिकाल. समजा, गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून ती साधारण १२ मीटरमध्ये थांबेल. दाबून बसलेल्या बर्फावर तेच अंतर ४० मीटरच्या आसपास जातं आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर १०० मीटरच्या घरात! समोरून एखादं पोर रस्ता ओलांडत असेल, तर हा फरक केवढा मोठा आहे, हे वेगळं सांगायला नको.

घर्षण वाढवायचं कसं? रस्ता तर आपल्या हातात नाही. हातात आहे तो फक्त टायर.

रबरही गारठतं

थंडीत खोबरेल तेलाच्या बाटलीचं काय होतं? तेल गोठून बसतं. पण स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल मात्र पातळच राहतं. दोन्ही तेलंच, पण स्वभाव वेगळे!

रबराचंही तसंच आहे बरं का. उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या रस्त्यावर झिजू नये अशा बेताने बनवलेलं असतं. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागलं, की ते कडक होत जातं. मग रस्त्यावरच्या बारीकसारीक खाचाखोचांत ते शिरत नाही आणि पकड सुटते. हिवाळी टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं. कडाक्याच्या थंडीतही ते मऊ राहतं. म्हणूनच बर्फ पडायच्या आधी, नुसती थंडी पडली, तरी हे टायर उपयोगी ठरतात.

दुसरी करामत नक्षीची. हिवाळी टायरच्या खोल खाचांत बर्फ भरून घट्ट बसतो. "अरेच्चा, मग तर गाडी आणखी घसरेल!" नाही, उलट होतं. ओल्या चुऱ्याचा लाडू कसा वळला जातो? कण कणाला धरतो. तसाच बर्फ बर्फाला धरतो आणि पकड वाढते.

शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने चिरल्यासारख्या कितीतरी बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फात रुततात. या चिरांना इंग्रजीत 'साइप' म्हणतात. जॉन साइप नावाच्या अमेरिकन माणसाने १९२०च्या दशकात बुटाच्या रबरी तळव्याला अशा चिरा पाडून त्याचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे ही युक्ती आली ती पादत्राणांतूनच! आहे की नाही गंमत?

नोकिया गावची गोष्ट

नोकिया म्हटलं की बाबांना जुना मोबाइल आठवेल. पण नोकिया हे मुळात फिनलंडमधलं एक गाव आहे. तिथल्या रबर कारखान्याने १९३४ साली ट्रकसाठी खास बर्फाचा टायर बनवला. जगातला पहिला हिवाळी टायर तो हाच, असं मानलं जातं. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, मोटारींसाठी टायर आला. त्याचं नाव 'लुमी-हाक्कापेलीट्टा'. लुमी म्हणजे बर्फ आणि हाक्कापेलीट्टा म्हणजे फिनलंडचे जुने घोडेस्वार. आपल्याकडे १६३० साली शिवरायांचा जन्म झाला, त्याच सुमारास हे स्वार युरोपच्या रणांगणावर लढत होते. तेव्हा फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता.

खिळे की धूळ?

पुढे टायरमध्ये धातूचे छोटे खिळे बसवायची युक्ती निघाली. टायरच्या पृष्ठभागाबाहेर जेमतेम एक-दीड मिलिमीटर डोकावणारे हे खिळे घट्ट बर्फात रुततात. फिनलंड, स्वीडनमध्ये अनेक जण आजही असेच टायर वापरतात.

मग सगळ्यांनीच खिळे का लावू नयेत? याचं उत्तर जपानच्या साप्पोरो आणि सेंदाई या शहरांनी दिलं. १९८०च्या दशकात तिथे हिवाळ्यात खिळ्यांच्या टायरांचा सुळसुळाट होता. वरचा बर्फ गेला, की तेच खिळे उघड्या रस्त्यावर घासत. डांबराची पूड हवेत उडे, खिडक्यांवर बसे आणि माणसांच्या छातीत जाई. गाडीतले लोक सुरक्षित, पण पायी चालणारे खोकून बेजार! अखेर १९९० साली जपानने या टायरांविरुद्ध कायदा केला. जर्मनीने तर १९७५ सालीच त्यांच्यावर बंदी घातली होती.

मग तंत्रज्ञांनी बिनखिळ्याचे टायर सुधारले. बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि घसरगुंडी होते ती त्याच्यामुळे. काही नव्या टायरांच्या रबरात सूक्ष्म छिद्रं ठेवली, ती हे पाणी टिपून घेतात.

पण गोष्ट इथे संपली नाही. खिळे गेल्यावर चौकाचौकांतला बर्फ चाकांखाली घासून आरशासारखा चकचकीत होऊ लागला. म्हणून साप्पोरोत रस्त्याच्या कडेला बारीक खडीच्या पिशव्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत. जाणाऱ्या-येणाऱ्या कुणीही पिशवी घ्यावी आणि निसरड्या जागी खडी टाकावी. आपल्यामागून येणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून!

निवडायचे कसे?

आता तुमचा मामा, काका किंवा ताई बर्फाच्या देशात राहत असेल, तर पुढचं त्यांना जरूर वाचून दाखवा.

पहिलं म्हणजे, चिन्ह पाहावं. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल असेल, तर तो टायर बर्फावरच्या ठरावीक चाचणीत पास झालेला असतो. नुसत्या 'एम+एस' या इंग्रजी अक्षरांना, म्हणजे 'चिखल आणि बर्फ' या शिक्क्याला, अशी चाचणी लागत नाही. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यासाठी नुसती ही अक्षरं मानणं बंद केलं आहे.

दुसरं, टायर घ्यायचे तर चारही. दोनच बदलले, तर पुढची चाकं रस्ता धरतील आणि मागची सुटतील. मग गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

तिसरं, नक्षीची खोली मोजावी. फिनलंड आणि स्वीडनमध्ये हिवाळी टायरची नक्षी किमान ३ मिलिमीटर असावी लागते, ऑस्ट्रियात ४. झिजून गोटा झालेला टायर हिवाळी असला काय आणि नसला काय, सारखाच!

चौथं, रस्ता ओळखावा. नेहमी बर्फ उपसलेल्या शहरी रस्त्यांवर फिरायचं, तर बिनखिळ्याचे पुरतात. महिनोन् महिने घट्ट बर्फ असलेल्या गावाकडे जायचं असेल आणि तिथला कायदा परवानगी देत असेल, तर खिळ्यांचा विचार करावा. "कोणता टायर चांगला?" असं कुणी विचारलं, तर आधी उलट विचारा, "कोणत्या रस्त्यावर?"

आणि हो, 'आमची गाडी चारही चाकांनी ओढणारी आहे, आम्हाला काय भीती!' असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ती गाडी बर्फातून निघते लवकर, पण थांबायला तिच्याही चार तळहातांचाच आधार असतो.

आपल्या हिमालयात

मनालीजवळचा ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा २०२० साली सुरू झाला आणि ऐन थंडीतही लाहौलकडे जाणं सोपं झालं. आपल्याकडची अनेक कुटुंबं बर्फ पाहायला तिकडे जातात. तिथले पहाडी चालक ताज्या बर्फात चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात. इंजिनाची ओढ ज्या चाकांना असते, त्यांना साखळी बांधायची, गाडी अगदी हळू हाकायची आणि बर्फ संपला की साखळी काढायची. तेव्हा आईबाबांनो, बर्फात गाडी ठरवताना भाड्याबरोबर एवढंही विचारा, "भैया, टायर कैसे हैं? चेन है ना?" आणि चालक म्हणाला, "आज पुढे नको," तर मुलांनो, हट्ट करू नका. बर्फ उद्याही तिथेच असेल.

आजच करून पाहा

घरच्या स्कूटरच्या किंवा गाडीच्या टायरवर, एका बाजूला, लंबगोलात चार आकडे शोधा. समजा, ३८२३ असेल, तर तो टायर २०२३ सालच्या ३८व्या आठवड्यात तयार झाला. मग नक्षीत डोकावून पाहा. नक्षीच्या आत काही ठिकाणी छोटे उंचवटे दिसतील. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली असेल, तर टायर बदलायची वेळ झाली.

आपल्याकडे बर्फ नसेल, पण पावसाळा आहेच. निसरड्या रस्त्यावर तुमच्या घरच्यांना धरून ठेवणारे ते 'तळहात' कसे आहेत, हे तपासायचं काम या घरात आजपासून तुमचं!