पिक्सेल कमी म्हणजे दर्जा कमी?

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत दोसुतीवर भरलेला पोपट तुम्ही पाहिला असेल. एक चौकोन, एक टाका. पिक्सेल आर्टचंही तसंच. १६×१६ च्या चित्रात चौकोन फक्त २५६. एक चुकला की पात्र तिरळं दिसतं!

"कमी बजेटच्या गेमची कला हलकी असते" असं गृहीतक लिहिणार असाल, तर जरा थांबा. यात खर्च, रेझोल्यूशन आणि दर्जा अशी तीन चलं एकात एक मिसळलीत. 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) एरिक बॅरोनने एकट्याने साडेचार वर्षं खपून केला. पैसा कमी, पण वेळ? चार दिशांना चालणारं पात्र, प्रत्येक दिशेला आठ फ्रेम धरल्या तरी ३२ चित्रं झाली. उलट पुण्यात बनलेल्या 'राजी'ची (२०२०) किकस्टार्टर मोहीम २०१७ मध्ये फसली होती, तरी त्यांनी पिक्सेल न घेता पहाडी चित्रशैलीचा आधार घेतला.

मग मोजायचं काय? मी आधी "चित्र आवडलं का?" एवढंच विचारत होते. उत्तरात लोक लहानपणीच्या व्हिडिओ गेमच्या आठवणी सांगायचे. आता एकच पात्र १६ आणि ३२ पिक्सेलमध्ये काढते, पडद्यावरचा आकार सारखाच ठेवते आणि विचारते: हा कोण? काय करतोय? कुठे बघतोय?