गोळीचा गजर आणि विचारपूस

एचआयव्हीची एआरटी गोळी रोज, ठरल्या वेळीच घ्यायची. खंड पडला की विषाणू वाढतो आणि पुढे औषधाला दाद देत नाही. म्हणून आम्ही सांगतो, मोबाईलवर गजर लावा. वस्तीत एकच फोन घरभर फिरतो. तेव्हा गजराला आजाराचे नाव नको, ‘पाणी भरणे’ लिहा.

पण विचारपूस करणारे माणूसही हवे. केनियातील अभ्यासात दर आठवड्याला ‘कसे आहात?’ असा संदेश जाई, अडचण कळवणाऱ्याला परिचारिका फोन करी. गोळ्या चुकणे घटले. दक्षिण भारतात यंत्राचे फोन लावून पाहिले, फरक पडला नाही.

तारीख चुकली तरी लाजू नका. मेडिकल किंवा मेयोच्या एआरटी केंद्रात जा. औषध मोफत आहे, आणि २०१७ च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. बोलायचे असेल तर १०९७ लावा, पैसे लागत नाहीत.