ऐतिहासिक प्रेमकादंबरी ऐकताना : श्राव्य पुस्तकाचे सामर्थ्य आणि मर्यादा

छापील कादंबरी आणि तिचे श्राव्य पुस्तक म्हणजेच ऑडिओबुक यांतील शब्द एकच असले, तरी दोन्हींचा अनुभव एकच नसतो. ऐतिहासिक प्रेमकादंबरीच्या बाबतीत हा फरक विशेष जाणवतो. जुना काळ, अपरिचित नावे, निरनिराळ्या बोली आणि नायक-नायिकेचे बदलत जाणारे नाते हे सारे तेथे बहुधा एकाच आवाजाला सांभाळावे लागते. अमेरिकी लेखिका डायना गॅबाल्डन यांची ‘आउटलँडर’ ही कादंबरी याचे बोलके उदाहरण आहे.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची नायिका क्लेअर ही दुसऱ्या महायुद्धात परिचारिका म्हणून काम केलेली इंग्रज स्त्री आहे. १९४५ मध्ये स्कॉटलंडमध्ये आली असता ती एका प्राचीन शिलावर्तुळातून १७४३ सालात जाऊन पोहोचते. तेथे जेमी फ्रेझर या हायलँड प्रदेशातील तरुणाशी तिचा विवाह होतो. स्टुअर्ट घराण्याला ब्रिटनचे सिंहासन परत मिळवून देण्यासाठी १७४५ मध्ये होणाऱ्या उठावाची छाया कथेवर पडलेली आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत या उठावाचा निर्णायक पराभव झाला. त्यानंतर हायलँडच्या पारंपरिक वेषावरही कायद्याने बंदी आली व ती १७८२ मध्ये उठली. क्लेअरला हा शेवट आधीच ठाऊक आहे, जेमीला नाही. कथेतील व्याकुळता येथूनच येते.

या कादंबरीचे ब्रिटिश अभिवाचक डेव्हिना पोर्टर यांनी केलेले अखंड वाचन सुमारे साडेबत्तीस तासांचे आहे. १९९१ ते २०२१ या काळात प्रसिद्ध झालेल्या मालिकेतील नऊही कादंबऱ्या त्यांच्या आवाजात उपलब्ध झाल्या. हे नभोनाट्य नव्हे. नभोनाट्यात प्रत्येक पात्राला स्वतंत्र कलाकार असतो आणि मूळ कथेचे संवादरूपांतर केलेले असते. अभिवाचनात मात्र निवेदन आणि सर्व पात्रे एकच व्यक्ती सादर करते आणि लेखकाचा शब्द बदलत नाही. ‘आउटलँडर’चे निवेदन क्लेअरच्या तोंडून प्रथमपुरुषी असल्याने एका स्त्रीचा आवाज तिला स्वाभाविकपणे शोभून दिसतो.

अखंड आणि संक्षिप्त वाचनातील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. कॅसेटच्या काळात मोठ्या कादंबऱ्या अनेकदा संक्षिप्त करून सुमारे तीन तासांत बसवल्या जात. मिनिटाला सुमारे १५५ शब्द ही वाचनाची गती धरली, तर तीन तासांत जेमतेम २८ हजार शब्द होतात. ‘आउटलँडर’ सुमारे तीन लाख शब्दांची आहे. म्हणजे तिचा दहावा हिस्साही त्यात मावणार नाही. अशा काटछाटीत लढाया आणि पलायने टिकतात, परंतु हळूहळू जुळत जाणारी मने गळून पडतात. क्लेअर आणि जेमी यांचा विवाह प्रेमातून नव्हे, तर तिला इंग्रज अधिकाऱ्याच्या तावडीतून वाचवण्याच्या निकडीतून होतो. त्या तडजोडीचे प्रेम होण्यास लागणारा वेळ हाच प्रेमकादंबरीचा गाभा असतो. अमेरिकेत १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘बुक्स ऑन टेप’सारख्या संस्थांनी अखंड वाचनाचा पुरस्कार केला. पुढे डिजिटल माध्यमाने लांबीची अडचण जवळपास संपवली.

श्राव्य रूपाचा सर्वांत मोठा लाभ उच्चारांत दिसतो. कादंबरीतील एका तरुणीच्या नावाची रोमन अक्षरे जशीच्या तशी वाचली, तर ‘लाओघायर’ असे काहीतरी होते. प्रत्यक्षात त्याचा उच्चार साधारणपणे ‘लिअरी’ असा आहे. ‘सॅसनाख’ या शब्दाचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. इंग्रज व्यक्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या या शब्दाला हायलँडमध्ये परकेपणाची, क्वचित तिरस्काराची छटा असते. जेमीच्या तोंडी मात्र तो पुढे लाडाचे संबोधन होतो. छापील पानावर अक्षरे तीच राहतात. परकेपणाकडून जिव्हाळ्याकडे झालेला प्रवास स्वरातून ऐकू येतो.

मराठी लेखन उच्चाराच्या बरेच जवळ असले, तरी आपल्याकडेही अभिवाचकाला असे निर्णय घ्यावे लागतात. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी एका प्रकारे आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून दुसऱ्या प्रकारे उच्चारला जातो, लेखन एकच. पेशवेकालीन कथानकात फारसीतून आलेले खलिता, मसलत, फर्मान यांसारखे शब्द वारंवार येतात. त्यांचा उच्चार चुकला की प्रसंगातील गांभीर्य ओसरते.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. वाचकाच्या मनात पात्राचा आवाज त्याचा स्वतःचा असतो. श्रोत्याला तो तयार मिळतो. एखादे वाक्य उपहासाने म्हटले की व्यथेने, हे अभिवाचकाने आधीच ठरवलेले असते. शिवाय सत्य आणि कल्पित यांतील सीमारेषा आवाजात पुसट होते. कलोडनची लढाई आणि मॅकेन्झी घराणे इतिहासात आहेत. कादंबरीतील शिलावर्तुळ आणि लिओक हा किल्ला कल्पित आहेत. ऐकताना दोन्ही सारख्याच खात्रीने कानी पडतात. ना. सं. इनामदार यांच्या १९७२ च्या ‘राऊ’ या कादंबरीतील बाजीराव-मस्तानीचे संवादही प्रतिभेची निर्मिती आहेत, ऐतिहासिक कागदपत्रे नव्हेत, याचे भान ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

दृष्टिहीनांच्या दृष्टीने मात्र हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये सुरू झालेली ‘बोलकी पुस्तके’ त्यांच्यासाठीच होती. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी पुस्तके सुलभ स्वरूपात आणण्याची तरतूद झाली. याच हेतूने २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम भारताने मान्यता दिली आणि तो ३० सप्टेंबर २०१६ पासून अंमलात आला. त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. ज्याला पान उलटून पाहता येत नाही, त्याच्यासाठी संक्षिप्त वाचनात वगळलेले प्रकरण कायमचेच हरवलेले असते.

त्यामुळे श्राव्य कादंबरी निवडताना ती अखंड आहे की संक्षिप्त, हे प्रथम पाहावे. त्यानंतर काही मिनिटांचा नमुना ऐकून अभिवाचकाचे उच्चार आणि गती पारखावी. बत्तीस तासांची सोबत ज्या आवाजाची करावयाची, त्याची निवड लेखकाच्या निवडीइतकीच काळजीपूर्वक करणे इष्ट ठरते.