विणता येणारा दगड

रत्नागिरीच्या आसपास जुने घर घ्यायला निघालेला माणूस विहिरीला मे महिन्यात पाणी राहते का ते विचारतो. वाशांना वाळवी लागली आहे का ते बघतो, चिऱ्यांच्या भिंतीवर हात फिरवतो, सातबारा आणि घरपट्टीची पावती मागतो. मागच्या पडवीवरचा करडा नागमोडी पत्रा मात्र फारसा कुणी न्याहाळत नाही. सगळे त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात. पण नुसत्या सिमेंटचा, जेमतेम सहा मिलिमीटर जाडीचा एवढा लांब पत्रा उचलतानाच मोडला असता. तो टिकतो, कारण त्याच्या पोटात धागे असतात. जुन्या पत्र्यात हे धागे बहुधा दगडाचे असतात.

शाळेच्या प्रयोगशाळेतली तिवई आठवा. खाली स्पिरिटचा दिवा, वर तारेची जाळी आणि जाळीच्या मधोमध पांढरे वर्तुळ. ते वर्तुळ याच खनिजाचे असे: अ‍ॅस्बेस्टॉस. जाळले तर जळत नाही, पण कापसासारखे पिंजता येते आणि त्याचे कापड विणता येते. आगीत टाकून स्वच्छ करायच्या अशा कापडाबद्दल तेराव्या शतकात मार्को पोलोने सांगितले होते. हे आगीत राहणाऱ्या कुठल्या प्राण्याचे कातडे नसून डोंगरातून खणून काढलेली वस्तू आहे, हेही त्याने बजावले होते.

दगडाचा धागा होतो कसा? पत्र्यांत मुख्यतः पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल वापरतात. त्याच्या स्फटिकात दोन थर एकमेकांना चिकटलेले असतात, एक सिलिकाचा आणि एक मॅग्नेशियमचा. दोघांची मापे नेमकी जुळत नाहीत. मॅग्नेशियमचा थर किंचित मोठा असतो. उन्हात घातलेला फणसाचा पापड एका बाजूने जास्त आकसला की वळतो, तसा हा जोडथर वळत जातो आणि त्याची पोकळ नळी होते. एका केसाच्या जाडीत अशा दोनेक हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. अणूंच्या मापातल्या एवढ्याशा फरकातून निसर्गाने दगडाची सुरळी केली, हे कितीही वेळा वाचले तरी मला नवल वाटते.

1900 च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या लुडविग हाट्शेकने कागद बनवण्याच्या पद्धतीने हे धागे सिमेंटच्या पातळ लगद्यात मिसळून थरावर थर चढवले, आणि स्वस्त, न गंजणारे छप्पर जन्माला आले. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचा पत्रा काही वर्षांत गंजून चाळण होतो, तिथे कोकणाला ते पसंत पडले यात आश्चर्य नाही.

पण ज्या आकाराने हा दगड विणता येतो, तोच आकार छातीत घात करतो. सुटा तंतू डोळ्यांना दिसत नाही, हवेत तरंगत राहतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल उतरतो. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात, पण लांब तंतू त्यांच्यात मावत नाही. ती धडपड वर्षानुवर्षे चालते, दाह होत राहतो आणि कधीकधी 20 ते 50 वर्षांनी फुप्फुसाचा किंवा त्याच्या आवरणाचा कर्करोग उभा राहतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये आदेश दिला की या उद्योगातल्या कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून 40 वर्षे किंवा नोकरी संपल्यावर 15 वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी.

डोक्यावर असलेला अखंड पत्रा फारसे तंतू सोडत नाही. धोका कापताना, भोक पाडताना आणि फुटताना असतो. आणि कोकणात पत्रा फुटतोच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात किती छपरे भुईला मिळवली, ते तिथल्या लोकांनी भोगले आहे. वादळ नसले तरी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस सिमेंट हळूहळू झिजवतो आणि धागे उघडे पडतात; पागोळ्यांखालच्या मातीत ते उतरू शकतात. वर शेवाळ धरते. पावसाळ्यापूर्वी ते तारेच्या ब्रशने कोरडेच खरवडणे हे सर्वांत वाईट.

पत्रा नुसता पाहून खात्री होत नाही. अलीकडे कृत्रिम धाग्यांचे पत्रेही मिळतात आणि ते दिसायला तसेच असतात. जनगणनेनेसुद्धा 2011 मध्ये लोखंडी, इतर धातूंचे आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे एकाच रकान्यात मोजले. खात्री हवी असेल तर फुटका कोपरा पाण्याने भिजवून, छोटा तुकडा दुहेरी पिशवीत बंद करून हे परीक्षण करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. तिथे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, योग्य तेलात बुडवलेला क्रायसोटाइलचा तंतू निळ्या-किरमिजी रंगांत उजळतो. करड्या पत्र्यात एवढे रंग लपलेले असतात!

आपल्याकडे घर विकताना ही तपासणी सक्तीची नाही. ती असायला हवी असे माझे ठाम मत आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या हजारावर घरांच्या माळ्यांत सुटा अ‍ॅस्बेस्टॉस भरलेला होता. 2014 पासून सरकारने त्यातली बहुतेक घरे विकत घेऊन पाडली. आपला पत्रा तितका भयंकर नाही, कारण त्याचे धागे सिमेंटमध्ये बांधलेले आहेत. म्हणून घर आवडले असेल तर सोडू नका. मात्र पत्रे कोण उतरवणार आणि खर्च कुणाचा, हे साठेखतातच लिहून घ्या. काम दिवाळीनंतर, उघडिपीत काढा. पत्रे भिजवून, हूक सोडवून अखंड खाली घ्यायला सांगा, आणि वर चढणाऱ्या गड्यांना साधे फडके नव्हे, बारीक कण अडवणारा मास्क द्या. उतरलेला पत्रा गोठ्याला लावायचा नाही, की तुकडे करून पाणंदीच्या खड्ड्यात टाकायचा नाही. तो जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या सुविधेकडे जायला हवा. तशी एक तळोज्याला आहे, आणि रत्नागिरीहून तिथवरचा वाहतूक खर्च घराच्या किमतीत आधीच धरलेला बरा.